घरचा जमाखर्च वहीतून लॅपटॉपवर : २२ मार्च ते ५ ऑक्टोबर २०२५ च्या नोंदी

२२ मार्च, शनिवार

आज भांडण झालं, म्हणून हे काम सुरू. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत ३८,२०० रुपये कुठे गेले ते ना मला सांगता येईना, ना नवऱ्याला. २०१९ पासून आमचा हिशोब एक्सेलमध्ये आहे. रात्री जेवणं झाल्यावर ती शीट उघडून बसले, तेव्हा दिसलं की फेब्रुवारीच्या बेरजेचं सूत्र ६० व्या ओळीपर्यंतच जातंय आणि नोंदी मात्र ७४ व्या ओळीपर्यंत आहेत. बेरजेत न धरलेल्या त्या १४ ओळींची बेरीज आली ३१,७४०. उरलेल्या ६,४६० चा पत्ता नाही.

खटकलं ते हे, की बेरीज महिनाभर चुकीची होती आणि शीटने चकार शब्द काढला नाही. सासूबाईंची वही असं करत नसे. त्या रोज रात्री डब्यातले पैसे मोजून ‘हाती शिल्लक’ लिहायच्या, आणि आकडा जुळला नाही तर झोपायच्या आधी सगळ्यांना विचारून घ्यायच्या. चुकलं तर त्याच रात्री बोंब.

म्हणून नव्या सॉफ्टवेअरकडून पहिली अपेक्षा हीच : चुकलं की त्याने ओरडावं. रंगीत तक्ते, गोल आलेख वगैरे नंतर.

घरची मोजणी : तीन बचत खाती (एक जोडखातं), एक क्रेडिट कार्ड, गृहकर्ज, माझं पीपीएफ, दोन एसआयपी, फोनमधलं यूपीआय लाइट, एप्रिलपासून सुरू होणारी भिशी, आणि आईंच्या (म्हणजे सासूबाईंच्या) डब्यातली रोख.

२८ मार्च, शुक्रवार

सहा दिवस फोनवरचं एक ॲप वापरलं आणि काढून टाकलं. हे ॲप बँकेचे एसएमएस वाचून आपोआप नोंदी करतं. पहिले दोन दिवस जादू वाटली. मग लक्षात आलं :

कार्डाने घेतलेला किराणा एकदा खर्चात धरला आणि कार्डाचं बिल भरलं तेव्हा पुन्हा धरला. माझ्या खात्यातून जोडखात्यात टाकलेले २५,००० हाही त्याच्या लेखी खर्च. ‘आपल्यासाठी ५ लाखांचं कर्ज मंजूर’ हा जाहिरातीचा मेसेज चक्क उत्पन्नात. नवऱ्याच्या फोनवरचे मेसेज माझ्या फोनला दिसत नाहीत, तेव्हा अर्धं घर हिशोबाबाहेरच. आणि दूधवाला, मोलकरीण मावशी, भाजी ही रोखीतली मंडळी त्याच्या खिजगणतीतही नाहीत.

अकाउंट ॲग्रिगेटरवर, म्हणजे आपल्या खात्यांची माहिती बँकांकडून ॲपपर्यंत पोचवणाऱ्या मध्यस्थ कंपनीवर चालणारी ॲप्सही पाहिली. या मध्यस्थाला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो, माहिती आपल्या संमतीने आणि ठरावीक मुदतीसाठी जाते, संमती मागेही घेता येते. एसएमएस वाचू देण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण रोख तिथेही नाहीच, आणि आमची बरीचशी गडबड रोखीतच असते.

३० मार्च, गुढीपाडवा

श्रीखंड खाऊन दुपारी उमेदवारांची यादी केली. अट अशी, की फाइल आपल्या लॅपटॉपवर राहिली पाहिजे आणि उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं तर आकडे बाहेर काढता आले पाहिजेत. मायक्रोसॉफ्ट मनीची विक्री २००९ मध्ये थांबली, अमेरिकेतलं मिंट मार्च २०२४ मध्ये बंद झालं. असली सॉफ्टवेअर्स कायमची नसतात, हिशोब मात्र मुलांच्या शिक्षणापर्यंत लागणार.

फायरफ्लाय थ्री आणि ॲक्चुअल बजेट : दोन्ही चांगली दिसतात, पण पहिल्याला स्वतःचा सर्व्हर चालवावा लागतो आणि दुसऱ्याचं घरच्या दोन फोनांवर जमवायचं तर तेच. आमच्याकडे वायफायचा राउटर रीस्टार्ट करायचा तरी लेकाला हाक मारावी लागते. दोन्ही बाद.

लेजर, बीनकाउंट : साध्या मजकुराच्या फाइलीत हिशोब लिहायचा. कल्पना भारी आहे, पण नवरा लिहिणार नाही, मला माहीत आहे.

होमबँक : २० मिनिटांत चालू. महिनाभराचा खर्च बघायला सुटसुटीत. पण गृहकर्जाचा हप्ता, म्हणजे व्याज खर्चात आणि मुद्दल कर्जातून वजा, हे मला तिथे एका नोंदीत नीट मांडता आलं नाही. माझं चुकलंही असेल. ज्यांना कर्ज नाही त्यांनी हेच घ्यावं असं मी म्हणेन.

राहिली केमायमनी आणि ग्नूकॅश. दोन्ही फुकट, दोन्ही दुहेरी नोंदीची. दुहेरी नोंद म्हणजे प्रत्येक रकमेला दोन टोकं : आली कुठून, गेली कुठे. दुसरं टोक रिकामं ठेवलं की ग्नूकॅश ती रक्कम ‘इम्बॅलन्स-आयएनआर’ नावाच्या खात्यात टाकतं आणि ते खातं यादीत डोळ्यांसमोर उभं राहतं. हीच ती बोंब! ग्नूकॅश घेतलं. केमायमनी दिसायला जास्त देखणं आहे, ते फार वापरून न बघताच सोडलं हे कबूल.

१ एप्रिल, मंगळवार

आर्थिक वर्षाचा पहिला दिवस. सेटिंगमध्ये हिशोबाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च केलं. हे आधी करा, नाहीतर सगळे अहवाल जानेवारीपासून निघतात.

ग्नूकॅशला मराठी रूप आहे. तासभर वापरलं आणि परत इंग्रजीवर आले. कारण एवढंच, की मार्गदर्शिका इंग्रजीत आणि समोरचा मेन्यू मराठीत, मग कशाला काय म्हणतात ते शोधत बसावं लागतं. खात्यांची नावं मात्र मराठीतच दिली, देवनागरी नीट चालते.

चूक पहिली : हौसेने ८७ खाती काढली. ‘भाजी’, ‘फळं’, ‘सुकामेवा’, ‘उपासाचे पदार्थ’, सगळं वेगळं. साबुदाणा किराण्यात की उपासात यावर दहा मिनिटं गेली. संध्याकाळपर्यंत ३४ खात्यांवर आले. वर्षाअखेरीस ज्या आकड्यावर काही निर्णय घेणार नाही, त्याला वेगळं खातं नको.

चूक दुसरी, मोठी. सगळ्या खात्यांची आरंभीची शिल्लक भरली आणि निव्वळ मालमत्ता (मालमत्ता वजा देणी) बघते तर आम्ही एकदम श्रीमंत. कागदावरच्या बेरजेपेक्षा २९,२४,००० जास्त. तासभर डोकं खाजवून वडिलांना फोन केला. ते जिल्हा सहकारी बँकेत कारकून होते, संगणक येण्यापूर्वीचे. त्यांनी स्क्रीन पाहिली नाही की काही नाही, म्हणाले, ‘फरकाचा निम्मा आकडा शोध. कुठलीतरी रक्कम जमेऐवजी नावे पडली असेल.’ निम्मा म्हणजे १४,६२,०००. गृहकर्जाची शिल्लक! वाढीच्या रकान्याऐवजी घटीच्या रकान्यात भरली होती, म्हणून बँकच आम्हाला देणं लागत होती.

वेळ : ६ तास.

३ मे, शनिवार

एप्रिलचं बँक स्टेटमेंट आत घेतलं. आजचा दिवस पूर्ण वाया, म्हणून सविस्तर लिहिते.

बँकेच्या साइटवरून उतरवलेली फाइल नावाला एक्सेलची. ग्नूकॅशला ती समजेना. नोटपॅडमध्ये उघडली तेव्हा कळलं, आत साधा मजकूर आहे आणि रकान्यांमध्ये टॅब. वरच्या पत्त्याबित्त्याच्या ओळी उडवल्या, खालची ‘हे संगणकाने तयार केलेले विवरण आहे’ ही ओळ उडवली, सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी तोडलेली साधी फाइल) म्हणून साठवली.

मग तारखेची पद्धत निवडायची होती. नीट न बघता एक निवडली : महिना-दिवस-वर्ष. बऱ्याच ओळी लाल झाल्या. ‘चुकीच्या ओळी सोडून द्या’ असा एक पर्याय दिसला, त्यावर टिक केली आणि पुढे गेले. हा पर्याय दिसला की हात मागे घ्या!

झालं असं, की १२ तारखेनंतरच्या सगळ्या नोंदी गळल्या (१३ वा महिना नसतोच) आणि १ ते १२ एप्रिलच्या नोंदी वर्षभर पसरल्या. १ एप्रिलचा व्यवहार ४ जानेवारीला, ७ एप्रिलचा ४ जुलैला, १२ एप्रिलचा ४ डिसेंबरला. आमच्या घरी दर महिन्याच्या ४ तारखेलाच खरेदी होते असं चित्र. फक्त ४ एप्रिल जागेवर. अशा २३ नोंदी.

एकेक खोडायला बसले होते, मग फोल्डरमध्ये पाहिलं तर ग्नूकॅश प्रत्येक वेळी साठवताना जुनी प्रत नावात तारीख-वेळ घालून बाजूला ठेवतं. सकाळची प्रत उघडली, पाच मिनिटांत सगळं पूर्ववत. दिवस-महिना-वर्ष निवडून पुन्हा आयात केली.

पुढचा खोळंबा नावांचा. यूपीआयच्या ओळीत लांबलचक क्रमांक आणि अर्धवट तुटलेलं नाव असतं. दुकानाच्या पाटीवर एक नाव, क्यूआर कोडमागे मालकाच्या मेव्हण्याचं. ‘हे २४० रुपये कुणाला दिले?’ असं करत दोघांच्या फोनमधला इतिहास उघडून बसलो. एक नाव तर माझ्या कोणा जवळच्याचं असं नवऱ्याला वाटलं म्हणून वातावरण थोडं तापलं. निघाला चौकातला इस्त्रीवाला.

दिलासा असा, की कुठली ओळ कुठल्या खात्यात टाकली हे ग्नूकॅश शब्दांवरून लक्षात ठेवतं. एप्रिलच्या ११८ ओळी मी हाताने लावल्या. मे महिन्याला किती लावाव्या लागतात ते लिहीन.

वेळ : ५ तास.

४ मे, रविवार

जुळवणी, म्हणजे रिकन्साइल. स्टेटमेंटची तारीख आणि अखेरची शिल्लक टाकायची, मग एकेका नोंदीवर टिक करत जायचं. खाली ‘फरक’ दिसतो, तो शून्य झाला पाहिजे. दोन खात्यांचा झाला. तिसऱ्याचं स्टेटमेंट छोटं, म्हणून नोंदी हाताने भरल्या होत्या, तिथे फरक २७० वर अडकला.

वडिलांचं दुसरं सूत्र : फरकाला ९ ने भाग जातो का बघ. २७० ला जातो. तसं असेल तर बहुतेक दोन आकड्यांची अदलाबदल. वीजबिल १,५८० च्या ऐवजी १,८५० लिहिलं होतं. दोन मिनिटांत सापडलं. एक्सेलमध्ये ही चूक आजन्म राहिली असती.

१८ मे, रविवार

क्रेडिट कार्ड. कार्ड हे देण्याचं खातं. खरेदी केली त्या दिवशी खर्च आणि देणं वाढलं. बिल भरलं त्या दिवशी खर्च शून्य, फक्त बँकेतली शिल्लक कमी आणि देणं कमी. हे एकदा डोक्यात बसलं की त्या फोनवाल्या ॲपची दुप्पट मोजणी का होत होती ते कळतं.

वॉशिंग मशीनचे हप्ते करून घेतले होते. स्टेटमेंटमध्ये आधी पूर्ण रक्कम, मग ती उलटवलेली, मग हप्ता, त्यावर व्याज आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी. मी ‘कार्डाचं व्याज व कर’ असं खातं काढलं. त्यातली बेरीज बघून पुढची खरेदी रोखीत करायचं ठरलं, पण ते असो.

यूपीआय लाइटने महिनाभर छळलं. पाकिटात ५,००० पर्यंत ठेवता येतात, एका वेळी १,००० पर्यंत देता येतात, आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये फक्त पाकीट भरल्याची ओळ येते. चहा, रिक्षा, वडापाव यांच्या ओळी तिथे कधीच येत नाहीत. सुरुवातीला मी भरलेली अख्खी रक्कम ‘किरकोळ’मध्ये टाकत होते. आता दोघांच्या फोनची दोन रोखीची खाती केली. रविवारी पाकिटातली शिल्लक बघायची, कमी झालेली रक्कम आठवून लावायची, आठवली नाही तर ‘मेळ नाही’ या खात्यात. २०० च्या आत असेल तर चर्चा नको, हा घरातला नियम.

८ जून, रविवार

मे महिन्याच्या १२६ ओळींपैकी ३१ हाताने लावाव्या लागल्या. बाकी बरोबर ओळखल्या. इस्त्रीवालाही.

रोखीचं गाडं मात्र रुळावर येईना. मी रविवारी एकदा बसणार आणि रोख तर रोज खर्च होते. आईंना लॅपटॉप शिकवायचा प्रयत्न केला. दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, ‘अगं, मी वही लिहिते, तू त्यातून काय ते यंत्रात घाल. मला ते बाण फिरवायला लावू नकोस.’ त्यांचं बरोबर होतं. आता वही ही रोजकीर्द (रोजच्या नोंदी), लॅपटॉप ही खतावणी (खातेवार हिशोब). रविवारी वहीचं पान शेजारी ठेवून मी सात दिवसांच्या नोंदी करते, तीस-चाळीस मिनिटं लागतात.

२२ जून, रविवार

चार तास फुकट. म्युच्युअल फंडाची एनएव्ही (एका युनिटचा भाव) आपोआप यावी म्हणून खटाटोप. ग्नूकॅशला भाव आणायला फायनान्स-कोट नावाचा जोड लागतो, त्याला विंडोजवर पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा वेगळी बसवावी लागते. आमच्या फंडांचे भाव ॲम्फी ही म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना रोज जाहीर करते, त्यांचे सांकेतिक क्रमांक फंडाला द्यावे लागतात. पर्ल बसलं, क्रमांक दिले, एका फंडाचा भाव आला, दुसऱ्याचा आला नाही. रात्री साडेअकराला स्वतःलाच विचारलं, हे कशासाठी? एसआयपी आम्ही दहा वर्षं मोडणार नाही. रोजचा भाव बघून काय करणार?

पर्ल काढून टाकलं. एसआयपी आता भरलेल्या रकमेनेच दाखवते, भाव वर्षातून एकदा ३१ मार्चला हाताने घालेन. पीपीएफचं व्याजही तसंच, ते खात्यात वर्षाअखेरीसच जमा होतं, तेव्हाच लिहायचं.

१३ जुलै, रविवार

भिशीत माझा नंबर लागला. बारा जणी, महिना ३,०००, हातात ३६,०००. जुन्या एक्सेलमध्ये मी दर महिन्याला ३,००० खर्च आणि नंबराच्या महिन्यात ३६,००० उत्पन्न असं लिहायची. त्यामुळे त्या महिन्यात वाटायचं पैसाच पैसा, आणि दिवाळीच्या आधीच सगळं संपायचं.

आता भिशी हे मालमत्तेतलं खातं. एप्रिल ते जुलै चार हप्ते, म्हणजे १२,००० माझे तिथे होते. ३६,००० उचलले, शिल्लक उणे २४,०००. म्हणजे पुढच्या आठ महिन्यांचं देणं. उत्पन्नात एक रुपयाही नाही. हे लाल उणे २४,००० बघितल्यावर सोफ्याचा विषय आपोआप मागे पडला. नवऱ्याने याचं श्रेय सॉफ्टवेअरला दिलं, मी काही बोलले नाही.

३ ऑगस्ट, रविवार

नवऱ्यालाही नोंदी करता याव्यात म्हणून फाइल क्लाउडच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवली होती. ग्नूकॅशची फाइल एका वेळी एकानेच उघडायची असते. कुणी उघडली की शेजारी एलसीके अशी कुलपाची छोटी फाइल तयार होते आणि दुसऱ्याला इशारा येतो. नवऱ्याला इशारा आला. त्याने ‘तरीही उघडा’ दाबलं. दोघांनी साठवलं. फोल्डरमध्ये दोन प्रती, एकीत माझ्या १९ नोंदी नाहीत, दुसरीत त्याच्या ७ नाहीत.

अडीच तास दोन खिडक्या शेजारी लावून नोंदी हलवल्या. आता फाइल फक्त माझ्या लॅपटॉपवर, आणि आठवड्याला एक प्रत पेनड्राइव्हवर. नवरा खर्च केला की व्हॉट्सॲपवर ‘पेट्रोल ५०० रोख’ एवढंच पाठवतो. दोघांनी खरंच एकाच वेळी काम करायचं असेल तर ग्नूकॅश घेऊ नका.

७ सप्टेंबर, रविवार

गणपती झाले, दोन आठवड्यांचं साचलेलं आज उरकलं. उकडीच्या मोदकांचं सामान आईंनी वहीत एका ओळीत ‘बाप्पा – ३,४१०’ लिहिलं आहे. तसंच ठेवलं, फोड मागितली नाही.

आज कर्जाचं विवरण बँकेकडून मागवलं. माझ्या फाइलीतली कर्जाची शिल्लक बँकेपेक्षा सतराशे साठच्या आसपास जास्त. चूक माझीच. १८,४०० च्या हप्त्याची आपोआप पडणारी नोंद एप्रिलमध्ये लावताना व्याज १०,९६५ आणि मुद्दल ७,४३५ असे आकडे कायमचे टाकून दिले होते. ९ टक्क्यांनी पहिल्या महिन्याला ते बरोबर होते. पण मुद्दल घटलं की पुढच्या महिन्याचं व्याज घटतं. शिवाय रिझर्व्ह बँकेने एप्रिल आणि जूनमध्ये रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) उतरवला, आमचं कर्ज रेपोला जोडलेलं, त्यामुळे जुलैपासून दर साडेआठ झाला. हप्ता तोच राहिला, मुद्दलात जास्त जाऊ लागलं आणि मला पत्ता नव्हता.

मेसेज आला होता म्हणे बँकेचा. जाहिरात समजून पुसला असणार.

आता आपोआप नोंद फक्त आठवण म्हणून ठेवली आहे. तिमाहीला विवरण मागवून व्याज-मुद्दल दुरुस्त करायचं. बँक खात्यांची दर महिन्याला जुळवणी करत होते, कर्जाच्या खात्याची एकदाही केली नव्हती. ज्याची जुळवणी होत नाही, तिथे हेही सॉफ्टवेअर गप्पच बसतं.

५ ऑक्टोबर, रविवार

सहा महिने झाले. सॉफ्टवेअरचा खर्च शून्य, पेनड्राइव्ह ४५० रुपये. उभारणी आणि चुका निस्तरण्यात मिळून साधारण २९ तास, त्यातले बरेच वाचले असते, जर तारखेची पद्धत, कुलपाची फाइल आणि पर्ल याबद्दल आधी कुणी सांगितलं असतं. रोजचं काम आता आठवड्याला पाऊण तास, महिनाअखेरीस आणखी एक तास.

सहा महिन्यांत ‘मेळ नाही’ खात्यात साचले १,९६५ रुपये. मार्चमधल्या ६,४६० चा शोध मी सोडला आहे. नवऱ्याने सोडलेला नाही, त्याला अजून वाटतं ते मी माहेरी दिले.

सप्टेंबरची तीनही बँक खाती आणि कार्ड जुळलं. रोखीत वहीपेक्षा ३५ रुपये कमी येत आहेत. आई म्हणाल्या, यंत्रातलं खोडू नकोस, मंगळवारी कोथिंबीरवाल्याला विचारते, त्याने सुटे परत दिले नव्हते.